दर्शनपटल, लॅपटॉप संगणकाचा

लॅपटॉप ह्या सुवाह्य संगणकाच्या ज्या पृष्ठभागावर अक्षरे व चित्रे उमटतात तो भाग. यंत्र विद्युत् घटमालेवर म्हणजे बॅटरीवर चालत असताना साध्या वाचन-लेखनात सर्वाधिक वीज बहुधा ह्या पटलालाच लागते. त्यामुळे एका भारणात यंत्र किती वेळ चालेल, हे बऱ्याच अंशी पटलाच्या दीप्तीवर ठरते. घटमाला किती वर्षे टिकते हा प्रश्न निराळा असून पुष्कळदा ह्या दोहोंची गल्लत केली जाते.

बहुतेक लॅपटॉपांत द्रवस्फटिक पटल असते. द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत; मागील दिव्यांचा प्रकाश अडविणे वा सोडणे एवढेच त्यांचे कार्य होय. ध्रुवणकारी पत्रे व रंगगाळण्या ह्यांत बहुतेक प्रकाश शोषला जाऊन सु. ५ ते १० टक्केच डोळ्यांपर्यंत पोहोचतो. पडद्यावर काळे दिसते तेथेही मागचा दिवा सामान्यतः जळतच असतो. म्हणून गडद पार्श्वभूमीने वीज वाचते, हा समज अशा पटलांबाबत जवळजवळ निराधार आहे. सेंद्रिय प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांच्या म्हणजे ओलेड पटलात मात्र प्रत्येक चित्रबिंदू स्वयंप्रकाशी असतो व काळा बिंदू विझलेला असतो. तेथे तो समज खरा ठरतो.

दीप्ती कमी केल्याने होणारा लाभ कामाच्या स्वरूपानुसार बदलतो. समजा, घटमालेत ५० वॉट-तास ऊर्जा आहे, पटलाला पूर्ण दीप्तीस ५ वॉट व मंद दीप्तीस २ वॉट लागतात. लेखनाच्या वेळी उर्वरित यंत्रास ५ वॉट लागत असल्यास चालनकाल ५ तासांवरून सु. ७ तासांवर जातो. परंतु चित्रपट-संपादनासारख्या कामात उर्वरित यंत्रासच ४० वॉट लागले, तर तो सु. ६७ मिनिटांवरून जेमतेम ७१ मिनिटे होतो. मंद पडद्याकडे पाहून डोळे शिणविण्याचे तेव्हा फारसे कारण उरत नाही.

दीप्तीचा गणनाच्या वेगाशी संबंध नाही. तो चित्रबिंदूंच्या संख्येचा व प्रतिमा-नूतनीकरणाच्या कंप्रतेचा आहे. १९२० × १०८० बिंदूंच्या प्रतिमेत सु. २०.७ लक्ष, तर ३८४० × २१६० बिंदूंच्या प्रतिमेत त्याच्या चौपट बिंदू असतात. त्रिमितीय खेळांत हे सर्व बिंदू चित्र-प्रक्रियकास दर प्रतिमेगणिक नव्याने काढावे लागतात. म्हणून बिंदूसंख्या घटविल्यास खेळ अधिक सुरळीत चालतो. लेखनात मात्र अक्षरे धूसर होण्यापलीकडे विशेष काही साधत नाही, कारण मागील दिवा तेवढीच वीज घेत राहतो. दाट बिंदूंच्या पटलात प्रकाशास वाट देणारा भाग आक्रसत असल्याने तितक्याच दीप्तीसाठी दिवा अधिक प्रखर ठेवावा लागतो. हा दोष पटलाच्या घडणीतच असल्याने बिंदूसंख्या बदलून तो दूर होत नाही.

सेकंदास ६० ऐवजी १२० वेळा प्रतिमा नूतन केल्यास हालचाल सलग भासते, पण विजेचा व्यय वाढतो. काही पटले प्रतिमा स्थिर असताना ही कंप्रता आपोआप उतरवितात.