डोळ्याखालचे खोटे भोक

पडद्यावर आधी चेहरा दिसतच नाही. दिसतात एकामागोमाग एक करड्या चकत्या, मिलिमीटरहून पातळ, आणि प्रत्येक चकतीत ५१२ गुणिले ५१२ ठिपके. इंदूरच्या एका सीटी केंद्रात टेक्निशियनच्या शेजारी बसून मी हे पाहत होतो. बायपासवर मोटारसायकल घसरून डावा गाल आपटलेला एक तरुण नुकताच टेबलावरून उतरला होता. स्कॅन काही सेकंदांत आटोपला. खरे काम त्यानंतर सुरू झाले.

प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे शंभराच्या आसपास, टणक हाड हजाराच्याही वर. हे माप हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखतात. १९७१ साली लंडनमध्ये त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूची चकती दाखवली, तेव्हा तिच्यात ८० गुणिले ८० ठिपके होते. थ्री-डी चित्र याच आकड्यांतून घडते. त्यासाठी रुग्णाला पुन्हा किरणे द्यावी लागत नाहीत.

टेक्निशियनने आकड्याची एक सीमा ठरवली. तिच्याखालचे सगळे चाळणीतून जावे तसे गळाले. कातडी गेली, स्नायू गेले, कवटी उरली. डोक्याखालचा आधार त्याने माउसने कापून टाकला. दातांत भरलेल्या धातूमुळे जबड्याभोवती काटे उमटले होते, तेही छाटले. कवटी फिरवली तर डाव्या डोळ्याखाली भलेमोठे भोक! मी चरकलो.

"भाऊ, त्यावर जाऊ नका. उजवीकडे पण आहे बघा," तो म्हणाला. होतेच.

डोळ्याच्या खोबणीचा तळ काही ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. त्याच्या वर चरबी, खाली सायनसमधली हवा. एकाच ठिपक्यात हे सगळे आले की सरासरी आकडा सीमेखाली उतरतो आणि शाबूत हाड चित्रातून नाहीसे होते. सीमा खाली आणावी तर भोक बुजते, पण त्याबरोबर एखादी खरी भेगही बुजू शकते.

रेडिओलॉजिस्ट बाई आल्या आणि थेट करड्या चकत्यांकडे वळल्या. उजवा तळ बारीक रेघेसारखा, पण सलग. डावा मात्र खरोखरच तुटून खचलेला. चरबी सायनसमध्ये उतरलेली, खाली रक्त साचलेले. दोन भोके सारखी दिसत होती, त्यातले एक खरे निघाले.

२०२१च्या उन्हाळ्यात इथल्या एमवाय रुग्णालयात काळ्या बुरशीच्या रुग्णांनी वॉर्ड भरले होते. ती बुरशी सायनस, टाळू, हीच खोबण पोखरते. हाड खाल्ले गेले आहे की मुळातच पातळ आहे, हे ओळखणे अशा वेळी किती मोलाचे! नातेवाइकांच्या हाती नुसते रंगीत चित्र देऊ नये, शेजारी करडी चकतीही दाखवावी, असे मला मनापासून वाटते.

गालाच्या जाड हाडाची गोष्ट वेगळी. तिथे थ्री-डी चित्राला तोड नाही. शाबूत उजवी बाजू आरशातल्यासारखी उलटवून डावीवर ठेवली, तेव्हा हाड किती मागे सरकले आणि कुठल्या कोनात वळले, हे एका नजरेत कळले. सर्जननी तेवढी चित्रे लगेच मागवून घेतली.