आधी खोली, मग प्रोजेक्टर

‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुन्या बाजारपेठेच्या जोरावर रुळली. आजच्या जालन्यात ती लोखंडी सळ्या आणि बियाणे यांच्या बळावर टिकून आहे. या पैशातून उभ्या राहणाऱ्या बंगल्यांच्या नकाशात अलीकडे अधूनमधून एक नवी खोली दिसते. तिला खिडकी नको असते, दार जाड हवे असते आणि एका भिंतीवर पडदा असतो. मल्टिप्लेक्ससाठी साठ किलोमीटर दूर संभाजीनगरला जाण्यापेक्षा घरातच चित्रपटगृह करावे, हा विचार वावगा नाही. वावगी असते ती खरेदीची पद्धत. नकाशा मंजूर होण्याआधीच प्रोजेक्टरची चौकशी सुरू होते, चौकशीत पहिला प्रश्न ‘किती लुमेन?’ असतो आणि ज्याचा आकडा मोठा ते यंत्र चांगले, असे मनोमन ठरून जाते. स्वतंत्र खोलीसाठी प्रोजेक्टर निवडताना हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी खोली किती काळी होऊ शकते ते पाहावे. यंत्राची निवड त्या उत्तरातून बरीचशी आपोआप होते.

कारण या यंत्राच्या स्वभावातच आहे. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. लाल, हिरवा, निळा प्रकाश तो फेकतो. काळे दाखवायचे असेल तिथे तो फक्त प्रकाश अडवतो, आणि मग पडद्यावर उरतो तो खोलीचा अंधार. खोलीत अंधार नसेल तर काळा घोडा राखाडी दिसतो. कितीही महागडे यंत्र आणले तरी यात फरक पडत नाही. महाराष्ट्रातल्या जत्राजत्रांतून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवाल्यांना पुस्तक न वाचताही हे माहीत होते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट 2016 साली कान महोत्सवात दाखवला गेला. या फिरत्या टॉकीजची अखेरची वर्षे आणि त्यांच्या जुन्या 35 मिलिमीटर यंत्रांची डिजिटलपुढे झालेली पीछेहाट त्यात आहे. कापडी तंबूत दिवसा खेळ लावणे अवघड, म्हणून हा धंदा मुख्यतः रात्रीचा. उजेडाशी झुंजायला मोठे यंत्र आणण्याऐवजी सूर्य मावळण्याची वाट पाहायची, हा त्यांचा हिशेब स्वस्तही होता आणि शास्त्राला धरूनही होता. त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले. त्यांच्या दिव्यांचा उजेड आजच्या मानाने क्षीणच. चित्र उठून दिसायचे ते अंधाराच्या भांडवलावर.

आता लुमेनचा हिशेब घालू, कारण हा आकडा फसवा असला तरी निरर्थक नाही. शंभर इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फुटांहून जरासा उंच, क्षेत्रफळ जवळजवळ 30 चौरस फूट. चित्रपटगृहातल्या पडद्यासाठी अमेरिकेतल्या सिनेमा अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेले जुने प्रमाण 16 फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या तेजाचे एकक) होते; डिजिटल सिनेमाचे 14 आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर 16 गाठायला 30 गुणिले 16, म्हणजे फक्त 480 लुमेन लागतात. पूर्ण अंधाऱ्या खोलीत, मोठ्या चित्रपटगृहाइतके तेजस्वी चित्र एवढ्यात मिळते. दुकानात मात्र 2,000, 3,000 असे आकडे ऐकू येतात. त्यातली काही वाढ रास्त आहे. जाहीर केलेला आकडा सर्वांत भडक, हिरवट मोडमधला असतो; रंग खरे दिसावेत म्हणून फिल्म मोड लावला की तो बऱ्याचदा निम्म्यावर येतो. शिवाय दिव्याचे आयुष्य म्हणून जे तास सांगतात, ते त्याचा उजेड अर्धा होईपर्यंतचे असतात. एचडीआर चित्रपटांना थोडा जास्त जोर लागतो तो वेगळाच. हे सारे धरूनही शंभर इंचासाठी फिल्म मोडमध्ये हजार-बाराशे खरे लुमेन पुष्कळ होतात. ‘खरे’ म्हणण्याचे कारण असे, की ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या स्वस्त यंत्रांवर 9,000 किंवा 12,000 असे जे छापलेले असते, त्याला कुठल्याच मापनपद्धतीचा आधार नसतो. एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन असे लिहिलेले नसेल, तर तो आकडा वाचूच नये.

यावर सहज येणारा आक्षेप असा, की उजेड जास्त असला तर बिघडले काय, कमी करता येतोच की. बिघडते ते असे: यंत्राचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर, तोच ठेवून उजेड चौपट केला तर पांढरे चौपट होते आणि, यंत्राला प्रकाश पूर्ण अडवता येत नसल्याने, काळे म्हणून झिरपणारा उजेडही चौपट होतो. अंधाऱ्या खोलीत डोळा पहिल्यापेक्षा दुसरी गोष्ट आधी टिपतो. बहुतेक मोठे चित्रपट 2.39 प्रमाणात चित्रित होतात. 16:9 पडद्यावर त्यांच्या वर-खाली मिळून जवळजवळ चौथा हिस्सा उंची रिकामी राहते. तो रिकामा भाग राखाडी चमकत राहिला की अडीच तास चित्रपटाला करड्या चौकटी लागलेल्या दिसतात.

आणि खोली? पडद्यावरून निघालेला उजेड भिंतींवर, छतावर आपटतो आणि पुन्हा पडद्यावर येतो. समजा, शंभरातले चार भाग परत आले. अर्धे दृश्य पांढरे आणि अर्धे काळे असेल, तर काळ्या भागावर पांढऱ्याच्या दोन टक्के उजेड पडला. म्हणजे कॉन्ट्रास्ट पन्नासास एकवर आला. आता यंत्र 1,500 कॉन्ट्रास्टचे असो की 40,000 चे, त्या दृश्यात दोन्ही पन्नासाच्या आसपासच राहतात. लाखो रुपयांचा फरक पांढऱ्या छताने गिळला. म्हणून पडद्याकडची भिंत, तिच्या लगतचे छत आणि बाजूच्या भिंतींचा पुढचा भाग गडद आणि मॅट रंगाचा, जमल्यास कापडाने मढवलेला असावा. पीओपीचे चकचकीत नक्षीदार छत आणि आरशासारखी व्हिट्रिफाइड फरशी ही या खोलीची वैरी आहेत, मग बाकी बंगल्यात ती कितीही शोभोत.

खोली अशी झाली की मगच यंत्रांमधला फरक दिसू लागतो, आणि तो खरा असतो. डीएलपी प्रकारात अतिसूक्ष्म आरसे हलतात. लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये ही चिप साकारली. चित्र धारदार, हालचाल स्वच्छ. पण घरगुती यंत्रात बहुधा एकच चिप असते आणि रंग एकामागून एक येतात, म्हणून काहींना नजर फिरवताना इंद्रधनुष्याच्या रेघा दिसतात. ज्यांच्या डोळ्यांना हे जाणवते त्यांच्यासाठी हा दोष मोठाच आहे. घरातल्या सगळ्यांनी आधी यंत्र पाहून घ्यावे. अशा अनेक ‘फोर-के’ यंत्रांत चिप 1920 गुणिले 1080 आरशांचीच असते. ती झपाट्याने चार जागी सरकून ऐंशी लाखांवर बिंदू उमटवते. ही लबाडी म्हणावी तर तशी आहे, पण दहा फुटांवरून ती पकडणारा विरळा. एलसीडी प्रकारात तीन पटले असतात, रेघांचा त्रास नाही, रंग भरलेले. स्वस्त यंत्रांत मात्र काळे फिके पडते. तिसरा प्रकार एलकॉस, म्हणजे जेव्हीसी आणि सोनीची महागडी यंत्रे. रात्रीच्या रानातले, चांदण्याचे दृश्य यावे तर यांच्याकडेच, कारण अशा दृश्यात पडद्यावरून परतणारा उजेडच नगण्य असतो आणि तिथे यंत्राचा स्वतःचा काळेपणा उघडा पडतो. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत हे यंत्र घेणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

जालन्याच्या घरांचा विचार केला तर एक गंमत ध्यानात येते. मराठवाड्यातले जुने माळवदाचे घर या कामाला नव्या स्लॅबच्या बंगल्यापेक्षा सरस ठरले असते. जाड भिंती, मोजके झरोके, दुपारीही दाट अंधार, उन्हाळ्यात गारवा. एकच अडचण: माळवदावरची पांढरी माती लाकडांच्या फटींतून झिरपत राहते, आणि भिंगाला धूळ मानवत नाही. स्लॅबच्या खोलीत धूळ दाराने येते. काळ्या मातीचा जिल्हा, उन्हाळ्यातले वारे, औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांना कारखान्यांचा धूर. इथे प्रकाशाचा सारा मार्ग बंदिस्त असलेले यंत्र इतर शहरांपेक्षा जास्त मोलाचे. अनेक लेझर डीएलपी यंत्रांत तो बंदिस्त असतो. एलसीडीत हवा पटलांवरून खेळवतात, त्यामुळे फिल्टर वेळच्या वेळी साफ केला नाही तर अंधाऱ्या दृश्यात धुळीचे डाग उमटतात. उष्णतेचेही तेच. बहुतेक यंत्रांची पुस्तिका 35 ते 40 अंशांपर्यंतच चालवायला सांगते, इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि बंद खोलीत तीनशे वॉटचे यंत्र स्वतःच शेगडीचे काम करते. म्हणजे एसी हा खर्चाचा भाग धरूनच चालावे. चालू चित्रपटात वीज गेली तर दिव्याच्या यंत्राचा पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा लवकर खराब होतो; त्याला यूपीएस हवाच. लेझरला हे भय कमी, आणि त्याचे 20,000 तास दिव्याच्या चार-पाच हजारांपुढे वेगळाच हिशेब मांडतात. एवढ्या कारणांसाठी, या जिल्ह्यात तरी, मध्यम किमतीत लेझर डीएलपीकडे कौल जातो.

मोजमाप राहिले. दहा बाय बाराच्या खोलीत बसणारा पडद्यापासून दहा फुटांवर असतो. शंभर इंची पडदा तिथून दृष्टीत सुमारे चाळीस अंश व्यापतो, आणि चित्रपटासाठी ते भरपूर. एकशेवीस इंचाचा हट्ट लहान खोलीत मान दुखवतो. यंत्राचे थ्रो प्रमाण (पडद्यापर्यंतचे अंतर भागिले पडद्याची रुंदी) 1.2 असेल तर ते पडद्यापासून पावणेनऊ फुटांवर बसेल, म्हणजे प्रेक्षकाच्या डोक्याच्या जवळपास; पंख्याचा आवाज तिथे ऐकू येतो, म्हणून डेसिबलचा आकडा लुमेनच्या आधी वाचावा. यंत्र पडद्याच्या मध्यावर बसवणे शक्य नसेल तर लेन्स शिफ्ट, म्हणजे यंत्र न हलवता भिंग सरकवण्याची सोय, पाहावी. कीस्टोनने, म्हणजे तिरके चित्र डिजिटल पद्धतीने सरळ करण्याच्या सोयीने, चित्र चौकोनी दिसते खरे, पण त्यासाठी यंत्र आपलेच बिंदू वाया घालवते.

सगळ्यात वजनदार आक्षेप टीव्हीचा आहे. 85, 98 इंची टीव्ही पूर्वीपेक्षा आवाक्यात आले. ओएलईडीचा काळा रंग कुठल्याही प्रोजेक्टरला जमत नाही. त्यांना अंधारही लागत नाही. हे सारे खरे आहे, आणि म्हणून जिथे सासूबाईंची मालिका, मुलांचा क्रिकेटचा सामना आणि पाहुण्यांचा चहा एकाच ठिकाणी चालतो, तिथे टीव्हीच घ्यावा. हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली प्रोजेक्टर लावणाऱ्याला कुठलेही यंत्र वाचवू शकत नाही. पण स्वतंत्र खोली असली, ती काळी करायची तयारी असली, तर 65 इंची टीव्हीच्या तुलनेत शंभर इंची चित्र क्षेत्रफळाने सव्वादोन पटींहून मोठे मिळते, आणि 98 इंचीसारखे जिन्यातून वर न चढणारे काचेचे धूड आणावे लागत नाही. काळ्या भिंतींना घरातून विरोध होईल, अशुभ म्हणूनही होईल. गडद निळा किंवा गर्द तपकिरी मॅट रंग बराचसा तोच परिणाम देतो. पडद्यासमोरची मागची भिंत मात्र फिकी सोडू नये. उजेड थेट तिच्यावर आदळतो. खर्चाची वाटणी करताना रंग, पडदे, एसी आणि वायरिंग यांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि जे उरेल त्यात यंत्र बसवावे. यंत्र पाच-सात वर्षांनी बदलेल, खोली बदलणार नाही. दुकानात पाहायला जाताना रात्रीचे दृश्य असलेला, पाठ असलेला चित्रपट पेन ड्राइव्हवर न्यावा, दुकानदाराला दिवे घालवायला सांगावे, आणि तो नाही म्हणाला तर सर्व्हिस सेंटर कुठल्या गावाला आहे एवढे विचारून निघावे.