बैलाच्या पाठीवरचा गेरू

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांद शेकतात. जू घासून जिथे कातडी राठ झालेली असते, नेमकी तिथे लोणी नाहीतर तूप आणि हळद चोळायची, पळसाच्या पानाने शेक द्यायचा. वर्धा जिल्ह्यात हळदीला तोटा नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला तर भौगोलिक मानांकनच आहे. वर्षभर ओझे वाहिलेल्या जागेला रंगाचा पहिला मान मिळतो, नटवणे त्यानंतर.

दुसरा दिवस श्रावण अमावस्येचा. नाल्यावर घासूनपुसून धुतलेली गवळाऊ जोडी उन्हात उभी करावी आणि मग रंगाला हात घालावा. गवळाऊ ही इथलीच जात. आर्वी, आष्टी, कारंजा भागातल्या गवळ्यांनी जोपासलेली, चपळ आणि पांढरीशुभ्र. नराच्या मानेवर, वशिंडावर करडी झाक असते, पण पाठ आणि कुशी कोऱ्या. गेरूचा तांबडा या अंगावर जसा उठतो तसा लाल-काळ्या बैलावर उठत नाही.

गेरू वाटीत कालवायचा, पण बेताने. पातळ झाला तर पोटाखाली ओघळ जातात, घट्ट झाला तर वाळून पापुद्रे सुटतात. मग पेल्याचे तोंड बुडवून गोल ठसे, मधेमधे तळहाताचा पंजा. ओला ठसा टेकताच बैल माशी बसल्यासारखी तेवढीच कातडी थरथरवतो आणि गोल तुटतो. तो कोणी दुरुस्त करत बसत नाही. त्यानंतर शिंगांना हिंगूळ, बेगड, कपाळी बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. आता झूलच जर पाठ झाकणार, तर ठसे कशाला? पण ठशांवाचून बैल सजला असे कुठलाही कास्तकार म्हणणार नाही.

हाच गेरू माणसाच्या सर्वांत जुन्या रंगांपैकी एक. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीचे शिंपले सापडले. त्यांत गेरू, कोळसा आणि हाडांचा चुरा कालवलेला होता. तो अंगाला फासायचे की आणखी कशाला वापरायचे, यावर संशोधकांचा वाद आहे. नामिबियातल्या हिंबा स्त्रियांबद्दल मात्र वाद नाही: लोण्यात गेरू कालवून त्या अंगाला आणि केसांना लावतात. आपण खांदेला लोणी-हळद चोळतो, त्या लोणी-गेरू. स्निग्धात कालवलेला रंग कातडीला अधिक धरतो, ही अक्कल दोन्हीकडे आपापली आलेली.

माणसाचे अंग रंगवण्याची या बाजूची खरी थोर परंपरा गोंडांची. आदिलाबादच्या आणि त्याला लागून असलेल्या आपल्या सीमाभागातल्या गोंड गावांत दिवाळीच्या दिवसांत नाचणाऱ्यांची दंडारी निघते. तिच्यातले घुसाडी अंगाला राख फासतात, वर ठिपके काढतात आणि डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप चढवतात. एकदा घुसाडी झाला की उत्सव संपेपर्यंत आंघोळ नाही. रंग आहे तोवर तो शेजारचा ओळखीचा माणूस नसतो. त्याच्या सोट्याच्या स्पर्शाने दुखणी जातात अशी श्रद्धा आहे. मार्लवाई गावच्या कनक राजूंना या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. याउलट ऑस्ट्रियात १९९८ पासून अंग रंगवण्याची जागतिक स्पर्धा भरते. तिथे कसब अफाट असते, पण परीक्षकांचे गुण पडले की रंगाचे काम संपले. घुसाडीच्या राखेला गुण कोण देणार?

टिकण्याच्या बाबतीत प्रत्येक रंगाची तऱ्हा वेगळी. मेंदीतले रंगद्रव्य कातडीच्या वरच्या मृत थरातल्या केराटिनला चिकटते. तो थर झडेपर्यंत, म्हणजे दोनेक आठवडे, ती राहते. हळद उन्हात विटते, म्हणून नवरीच्या अंगावरची हळद चार दिवसांची पाहुणी. गेरू कातडीशी कसलेच नाते जोडत नाही. तो नुसता वर बसतो आणि भाद्रपदातली पहिली सर त्याला घेऊन जाते.

अलीकडे शिंगांना ऑइल पेंट फासतात. चकाकतो, महिनोन्‌महिने निघत नाही. आणि तीच त्याची खोड आहे. हा रंग दारे-खिडक्यांसाठी केलेला. बैल कातडीतून घाम गाळून अंग थंड ठेवतो, त्यामुळे अंगावर तर तो लागताच कामा नये. लग्नसराईत दिसणाऱ्या काळ्या ‘झटपट मेंदी’चेही तेच: तिच्यात बऱ्याचदा केस काळे करायचे रसायन असते आणि हातावर फोड येतात.

टिकणारा रंग हवाच असेल तर त्याला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आहे. वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) इथला तान्हा पोळा नावाजलेला. चाकांवरचे लाकडी नंदी, काही तर पोराच्या उंचीहून मोठे, रंगवून मिरवतात आणि पोरे घरोघरी बोजारा, म्हणजे ओवाळणी, मागतात. हा रंग पुढच्या वर्षापर्यंत टिकतो. ट्रॅक्टर आल्यापासून पोळ्याच्या तोरणाखाली खऱ्या जोड्या कमी आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारेही कमी, लाकडी नंदी मात्र मोठे होत चाललेत.

गेरूची वाटी तरीही लगेच उपडी ठेवू नये. दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गोवारी बांधव गायी सजवतात, रंगवतात, ढाल नाचवत गावातून मिरवतात. तेव्हा पाऊस सरलेला असतो, त्यामुळे गायींच्या पाठीवरचे पंजे पोळ्यातल्यापेक्षा चार दिवस जास्त टिकतात.