ब्राह्मी, मंडूकपर्णी आणि पबमेड

व्रणरोपणासंबंधी जैव-अभियांत्रिकीत होणारे संशोधन वैद्यांनी अवश्य पाहावे. परंतु पबमेडमध्ये केवळ ‘ब्राह्मी’ लिहून शोध घेणे धोक्याचे आहे. हे नाव काही प्रांतांत बाकोपा मोनिएरीस, तर काही ठिकाणी मंडूकपर्णीस, म्हणजे सेंटेला एशियाटिकास दिले जाते. एकीचे निष्कर्ष दुसरीच्या नावे गृहीत धरले गेले, तर त्याची झळ रुग्णास पोहोचेल.

यास्तव वनस्पतीचे शास्त्रीय नाव रोमन लिपीत द्यावे व ‘अँड’ने त्यास ‘टिश्यू इंजिनिअरिंग’ किंवा ‘नॅनोफायबर’ जोडावे. एवढ्याने भागत नाही. जैव-अभियंते पुष्कळदा शीर्षकात वनस्पतीऐवजी तिच्यातील घटकाचे नाव देतात. ‘एशियाटिकोसाइड’ हा शब्द ‘ऑर’ने जोडला नाही, तर व्रणावर लावावयाच्या सूक्ष्मतंतुपटलांवरील कित्येक लेख निसटतात. (संस्कृत पर्यायनामांत मुरलेल्या वैद्यास हे नवीन वाटू नये!)

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सर्वांस विनामूल्य खुली आहे. सारांश बहुधा मिळतो, पूर्ण लेख मात्र प्रत्येक वेळी नाही. प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की रुग्णांवर, हे सारांशातच आधी पाहावे.