भरतीला वाट देणारे चर

बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमच्या परिसरात चर खणतात ते पाणी अडवायला. माळावर उताराला आडवा चर, नाल्यावर बांध, आणि पावसाळाभर कोराडी जलाशय किती भरला याची चौकशी. सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठी मात्र चर खणताना पाहिले ते पाणी आत यावं आणि न अडखळता परतही जावं म्हणून.

काम ओहोटीतच होतं, त्यामुळे घड्याळाआधी तिथी बघायची: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. हे चर कांदळवनासाठी, म्हणजे खारफुटीच्या जंगलासाठी. ते मेलेल्या जागी बहुधा भरतीची वाट बुजलेली असते. कुठे बांध, कुठे रस्ता, कुठे भराव. कोंडलेलं पाणी उन्हात आटतं, मीठ मागे राहतं, आणि त्या पांढरट चिखलात खारं पाणी सोसणारं तिवरही टिकत नाही. तिथे नुसती रोपं लावणं म्हणजे रोपं वाया घालवणं. म्हणून आधी खाडीपासून मुख्य चर, मग त्याला दोन्ही अंगांनी माशाच्या काट्यासारखे तिरपे उपचर. कडा उतरत्या ठेवतात, नाहीतर चिखल ढासळतो. रोप त्या उताराच्या मध्यावर लावायचं. तळाशी ते बुडून राहतं, माथ्यावर पाण्यावाचून वाळतं. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९०च्या दशकात तमिळनाडूतल्या पिचावरमला ही पद्धत वापरून दाखवली.

कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबतं. वरच्या टोपीखाली पिवळसर कडं दिसलं की ते तयार. गढूळ पाण्यात उभं राहून ते कडं ओळखणारी नजर मला फार मोलाची वाटली.

महाराष्ट्रात २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०१९मध्ये हरित हवामान निधीच्या मदतीने आंध्र, ओडिशा आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यांवर अशा कामांचा प्रकल्प सुरू झाला. कांदळवन लाटांचा जोर मोडतं, मुळांत कोळंबी-खेकड्यांची पिल्लं वाढतात. उधाणाचं पाणी भातखाचरात शिरलं की जमीन खारावते, तिथे बांधापुढची ही झाडं शेतकऱ्याच्या कामी येतात. पण किती रोपं लावली हा आकडा मला पुरेसा वाटत नाही. तीन पावसाळ्यांनंतर किती उभी आहेत ते मोजावं.

चर वाहता राहिला तर तिवराचं बी भरतीबरोबर आपणहून येतं. तो वाहता ठेवायला गाळ पुन्हा पुन्हा काढावा लागतो, अडकलेलं प्लास्टिक वेचावं लागतं. त्याची मजुरी प्रकल्पाची मुदत संपल्यावरही खाडीकाठच्या माणसांना मिळत राहिली पाहिजे.