वातदीप्ती, जंबुपार
ग्रहाच्या वातावरणातील सर्वांत वरच्या विरल थरांमधील अणू, रेणू व आयन (विद्युत् भारित अणू वा रेणू) यांच्यापासून बाहेर पडणाऱ्या मंद प्रकाशाला वातदीप्ती म्हणतात. तिच्यातील जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाच्या निरीक्षणावरून या थरांचे संघटन, घनता व तापमान यांचे अनुमान करता येते.

काही अणू सौर प्रारण शोषून त्याच तरंगलांबीचे प्रारण पुन्हा उत्सर्जित करतात. सौर प्रारणाने मुक्त झालेल्या इलेक्ट्रॉनांच्या आघातानेही अणुरेणू उद्दीपित होतात. दिवसा विभक्त झालेले अणू रात्री पुन्हा संयोग पावतात, तेव्हाही दीप्ती निर्माण होते. प्रत्येक घटकाच्या तरंगलांब्या ठराविक असल्याने तो ओळखता येतो. उदा., हायड्रोजनाची लायमन-आल्फा रेषा १२१.६ नॅनोमीटर व ऑक्सिजनाच्या प्रमुख रेषा १३०.४ आणि १३५.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आहेत. उंचीनुसार दीप्ती जितकी सावकाश कमी होते, तितका तो थर अधिक तप्त असतो.

नवी मुंबईलगतच्या नवे पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापूर येथून पृथ्वीच्या वातदीप्तीची निरीक्षणे केली आहेत. ऑक्सिजनाच्या ६३०.० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात आयनांबरातील कमी इलेक्ट्रॉन घनतेचे, रेडिओ संदेशवहनात अडथळा आणणारे पट्टे दिसतात. जंबुपार वातदीप्ती मात्र मुख्यत्वे ऑक्सिजन व ओझोन यांच्या शोषणामुळे जमिनीपर्यंत पोहोचत नाही. तिचे निरीक्षण अवकाशातूनच करावे लागते. १९७२ मध्ये अपोलो-१६ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून पृथ्वीभोवतीच्या हायड्रोजनाच्या आवरणाची जंबुपार छायाचित्रे घेतली.

मंगळाच्या बाबतीत या पद्धतीचा संबंध तेथील नाहीशा झालेल्या पाण्याशी येतो. जलबाष्पाच्या विघटनाने सुटा झालेला साधा हायड्रोजन अवकाशात अधिक सहजपणे निसटतो. जड हायड्रोजन (ड्यूटेरियम) तुलनेने मागे राहतो. मंगळावर जड हायड्रोजनाचे साध्या हायड्रोजनाशी असलेले प्रमाण पृथ्वीवरील सागरजलातील प्रमाणाच्या सुमारे ५ ते ६ पट आढळते. यावरून मंगळाने पुष्कळसे पाणी गमावले असावे, असे अनुमान निघते. हे प्रमाण वरच्या थरांत मोजण्यासाठी भारताच्या मंगळयानावर (कक्षेत प्रवेश २०१४, संपर्क समाप्त २०२२) लायमन-आल्फा प्रकाशमापक बसविलेला होता. दोन्ही हायड्रोजनांच्या अगदी लगतच्या रेषा वेगळ्या करण्यासाठी त्यात प्रत्येकाच्या वायूची शोषण कुपी वापरलेली होती. अमेरिकेच्या मेव्हन यानाच्या व हबल दूरदर्शकाच्या निरीक्षणांनुसार मंगळ सूर्याच्या जवळ असताना हायड्रोजनाची गळती बरीच वाढते.

दाट हायड्रोजनात लायमन-आल्फा प्रारणाचे वारंवार प्रकीर्णन होते. त्यामुळे तेजस्विता अणुसंख्येच्या सरळ प्रमाणात राहत नाही व निष्कर्षासाठी गणिती प्रतिकृतींचा आधार घ्यावा लागतो.