नदीचा जमाखर्च : वाळू, गाळ आणि पात्र



कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरला गेलो की आम्ही शहागंजला एक चक्कर टाकतोच. एकदा मृगाच्या सरीत तेथे अडकलो आणि घड्याळाच्या मनोऱ्याजवळ एका दुकानाच्या पायरीवर तासभर उभे राहावे लागले. रस्त्याचा पार ओढा झाला होता. पाऊस उघडल्यावर पाहतो तो काय, उतार जेथे कमी होतो तेथे आधी खडी पडलेली, तिच्या पुढे रेती, आणि त्याहून पुढे खोलगट जागी भाजीपाल्याच्या कचऱ्यासकट नुसता चिखल. कोणी चाळण लावून निवडून ठेवावे तसे! सोबतचे सभासद म्हणाले, "ही तर आपली गोदावरीच झाली की हो."

त्यांचे म्हणणे खरेच होते. शहरातले पाणी नाल्यांतून खाम नदीला जाते आणि खाम पुढे गोदावरीला, म्हणजे आता नाथसागराला मिळते. रस्त्यावर तासाभरात जे घडले तेच नदीत हजारो वर्षे चालू आहे. "नदीकाठच्या विहिरीचं पाणी का उतरलं?", "बंधारा एवढ्यात का भरला?" असे सभासद आम्हाला वारंवार विचारतात. या सगळ्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून हा लेख.

नदी नुसते पाणी वाहत नाही, ओझेही वाहते. मोठे गोटे तळावरून गडगडत जातात, वाळू उड्या मारीत जाते आणि बारीक गाळ पाण्यात तरंगत जातो. पुराचे पाणी लाल-काळे दिसते ते या गाळामुळे. किती ओझे उचलायचे हे पाण्याचा वेग ठरवतो. अभियंत्यांचा एक जुना ठोकताळा आहे : वेग दुप्पट झाला की पाणी हलवू शकेल अशा मोठ्यात मोठ्या दगडाचे वजन दुप्पट नव्हे, सुमारे ६४ पट होते. म्हणूनच वर्षभर गरीब गाईसारखा असलेला ओढा एका रात्रीच्या पुरात बांध फोडून शेतात दगडगोटे आणून टाकतो. एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. चिकणमातीचे कण सर्वांत बारीक, तरी ते एकमेकांना धरून बसतात. घट्ट बसलेली चिकणमाती उकरायला सुट्या वाळूपेक्षा जास्त वेग लागतो.

आता जमाखर्चाची गोष्ट. वरून जेवढे ओझे आले तेवढेच खाली गेले तर पात्र आहे तसे राहते. जास्त आले तर तळ वर चढतो, कमी आले तर नदी आपलाच तळ आणि काठ खाऊन ती तूट भरून काढते. वळणावर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात : बाहेरचा काठ ढासळतो, आतल्या बाजूला वाळूचे पट्टे पडतात. ज्याची जमीन बाहेरच्या काठाला, त्याला हे सांगायला नको.

तळ कसा बदलत जातो ते पाहायचे तर नेवासे लांब नाही. तेथे प्रवरेच्या काठच्या दरडींत, आजच्या पाण्याच्या पातळीहून वर, गोट्यांचे जुने थर आहेत. डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ मध्ये नेवाशाला उत्खनन केले. त्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. म्हणजे आज दरडीत दिसणारा तो थर एकेकाळी नदीचा तळ होता!

माणसाने धरण बांधले की हा हिशेब एकदम बदलतो. वर नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर मधमेश्वर बंधारा १९११ च्या सुमारास पुरा झाला. पाणी थबकले, गाळ बसला, बसता बसता बेटे आणि दलदल झाली. तेथे आता पक्ष्यांचे अभयारण्य आहे आणि २०२० साली त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. पक्ष्यांची सोय झाली, पण पाण्याची जागा गेली. गंगापूर-वैजापूरकडच्या सभासदांना त्या ठिकाणच्या कालव्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. नाथसागराचा फुगवटा कायगाव टोक्यापर्यंत येतो. नदी तलावात शिरते तेथे वेग मोडतो, म्हणून जाड वाळू वरच्या तोंडाशी टाकली जाते आणि बारीक गाळ आत भिंतीकडे पसरतो. शहागंजचा रस्ताच, फक्त कित्येक पटींनी मोठा. धरणाखाली मात्र उलटे होते. सोडलेले पाणी बरेचसे निवळलेले असते, ओझे नसलेले पाणी भुकेले असते आणि ते तळ खरवडीत जाते.

त्यात वाळूउपशाची भर पडते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट वाळू. तिच्या पोकळ्यांतून आपल्याला उपसता येईल असे सुमारे २० ते २५ घनफूट पाणी, म्हणजे अंदाजे सहाशे लिटर, मावते. एक ब्रास वाळू गेली की नदीच्या पोटातली तेवढ्या पाण्याची टाकीच गेली समजा. शिवाय उपशाचा खड्डा जागेवर राहत नाही. पाणी त्यात कोसळते आणि खड्ड्याची वरची कड उकरत उकरत प्रवाहाच्या वरच्या अंगाला सरकते. उपसा एका गावाच्या शिवारात, विहीर आटते दुसऱ्या गावाची, आणि पुलाचे पाये तिसरीकडेच उघडे पडतात. "आमच्या हद्दीत उपसा नाही" एवढ्यावर स्वस्थ बसणे आम्हाला तरी धोक्याचे वाटते.

तलावातला गाळ शेतात टाकावा का? राज्य शासनाची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ साली सुरू झाली, तेव्हापासून हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. मुरमाड, हलक्या जमिनीला गाळ सोन्यासारखा, त्याने ओल धरून राहते. पण उसाची जमीन आधीच भारी काळी असेल तर तिच्यात आणखी चिकण गाळ ओतून पाण्याचा निचरा बिघडवून घेऊ नका. तसेच गाळ आणण्यापूर्वी क्षार तपासून घ्या.

राहिला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. त्याच्या फळ्या निघतात त्या गाळासाठीच. पावसाळ्यात दारे उघडी असली की पुराबरोबर वाळू-गाळ खाली निघून जातो. कंटाळा करून फळ्या तशाच ठेवल्या तर तेथे बंधारा नव्हे, गाळाची कोठी तयार होते आणि पूर बाजूने काठ फोडून वाट काढतो. तेव्हा पाणीवापर संस्थांनी मृगापूर्वी फळ्या काढून कोरड्या जागी नीट रचून ठेवाव्यात, मोडक्या बदलून घ्याव्यात, आणि मोठे पूर ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरात, परत बसवाव्यात.